अफूजन्य व्यसनावरील उपचार
अफू व तिच्यापासून मिळणारी मॉर्फीन, हेरोइन इ. द्रव्ये यांच्या आहारी गेलेल्या व्यक्तींवर करावयाचे वैद्यकीय व सामाजिक उपचार. या द्रव्यांच्या सततच्या सेवनाने शरीरास त्यांची सवय होते. मात्रा वाढवावी लागते आणि सेवन अकस्मात थांबविल्यास अंगदुखी, उलट्या, जुलाब, निद्रानाश इ. लक्षणे उद्‌भवतात. व्यसनी व्यक्ती अपराधी की रुग्ण, या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे उपचारांचे स्वरूप बदलत गेले.

अमेरिकेत हॅरिसन अधिनियमाने (१९१४) या द्रव्यांवर नियंत्रण आले. केवळ व्यसन चालू ठेवण्यासाठी ती लिहून देणे हा वैद्यकीय व्यवसायाचा भाग नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये दिला. परिणामी वैद्यांनी अशा रुग्णांकडे पाठ फिरविली. याउलट ब्रिटनमध्ये रोलस्टन समितीने (१९२६) व्यसन हा आजार मानून वैद्यांस मर्यादित प्रमाणात औषध देण्याची मोकळीक ठेवली. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये तुरुंग व रुग्णालय यांचा संयोग असलेली संस्था स्थापन झाली. परंतु तेथून बाहेर पडलेले बहुसंख्य रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळले. यावरून शरीरातून द्रव्य नाहीसे होणे म्हणजे रोगमुक्ती नव्हे, हे स्पष्ट झाले. खंडानंतर सहनशक्ती घटलेली असल्याने पूर्वीचीच मात्रा घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

व्हिन्सेंट डोल, मारी नायस्वांडर व मेरी जीन क्रीक यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मेथाडोन या संश्लेषित औषधाचे प्रयोग सुरू केले. त्यांपैकी नायस्वांडर यांनी लेक्सिंग्टन येथे काम केले होते. पहिल्या २२ रुग्णांवरील निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसातून एकदा तोंडाने घेतलेल्या स्थिर मात्रेने हेरोइनची ओढ शमते. रुग्णास नोकरी, शिक्षण व कुटुंब यांकडे परतता येते. मधुमेहाप्रमाणे हे औषध दीर्घकाळ चालू ठेवावे लागते. एका व्यसनाच्या जागी दुसरे आणले, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. तथापि ती चालू असताना मृत्यूंचे प्रमाण घटते, असे अनेक देशांतील अनुभवांवरून दिसून आले आहे. मेथाडोन व ब्युप्रिनॉर्फीन यांचा जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

भारतात १९८० नंतर मुंबई-पुण्याकडे ‘गर्द’ अथवा ‘ब्राउन शुगर’ या अशुद्ध हेरोइनचा प्रसार झाला. या पार्श्वभूमीवर अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुणे येथे १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ हे केंद्र सुरू केले. निवासी उपचार, समुपदेशन, कुटुंबियांचा सहभाग व घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा यांवर तेथे भर देण्यात आला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–१२) सुईने द्रव्ये घेणाऱ्यांसाठी ब्युप्रिनॉर्फीनचा अवलंब झाला. औषध व सामाजिक आधार हे परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत. व्यसनाकडे पुन्हा वळणे हे रुग्णाच्या नैतिक दुर्बलतेचे नव्हे, तर दीर्घकालीन आजाराचे लक्षण मानले जाते.