प्रौढांचा खेळ आणि टांगलेली फळी

झाडावरच्या घरात मुक्काम करण्याची हौस मुळात मोठ्या माणसांची आहे. १८४८ साली पॅरिसजवळच्या ल प्लेसी गावात जोसेफ ग्युस्कँ याने चेस्टनटच्या झाडावर खाणावळ थाटली. गिऱ्हाइकं फांद्यांमधल्या माच्यांवर बसत, आणि भाजलेली कोंबडी नि शँपेन टोपलीत घालून दोरीने वर ओढली जाई. ही कल्पना इतकी गाजली, की ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ या कादंबरीतल्या झाडावरच्या घराच्या आठवणीने पुढे गावाच्या नावालाच ‘रॉबिन्सन’ जोडलं गेलं. आपल्याकडे वायनाडच्या जंगलात वेताच्या पाळण्यात बसून झाडावरच्या खोलीत जाण्याची सोय झाली. पाळणा वर नेण्यासाठी दुसऱ्या टोकाला पाण्याचं वजन. लोणावळ्याजवळ जांभुळण्याला तीस-चाळीस फुटांवरची मचाणं आहेत. यांत माणूस नेमके कशाचे पैसे मोजतो, हे कळलं तर अशी घरं कुठे बांधावीत आणि कुठे बांधू नयेत, तेही कळेल.

रोजे कायवा या फ्रेंच अभ्यासकाने १९५८ साली खेळाचे चार प्रकार सांगितले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. पहिले तीन प्रौढांना राजरोस मिळतात. क्रिकेट, पत्ते, नाटक यांत रमलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही. भोवळ, म्हणजे पायाखालची जमीन क्षणभर सुटल्याचा आनंद, मात्र दहा-बारा वर्षांच्या वयानंतर हळूहळू काढून घेतला जातो. पन्नाशीचा गृहस्थ बागेतल्या झोक्यावर बसला तर लोक वळून बघतात. या खेळासाठी प्रौढाला निमित्त लागतं. ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन बसणाऱ्या राखणदाराला पाखरं हाकलण्याचं निमित्त होतं. आजच्या शहरी माणसाला निसर्गसान्निध्याचं. वर गेल्यावर दोघांच्या पोटात जे होतं ते सारखंच.

आता हेच माप कुंभकोणमला लावून पाहू. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं हे देवळांचं गाव. सपाट गाळाची जमीन, चहूकडे भात, केळी आणि नारळ. मुक्कामाची नवी ठिकाणं भोवतीच्या खेड्यांत उभी राहिली आहेत: स्वामिमलैजवळ तिम्मकुडीला जुन्या गावघरांच्या साथीने, वेप्पत्तूरला अग्रहारातल्या घरांच्या धर्तीवर. इथेही झाडावर खोल्या बांधाव्यात असं कुणालाही सुचेल. माझ्या मते तसं करू नये, आणि याचं कारण झाडाच्या खोडातच आहे.

झाडावर घर बांधताना आंबा, चिंच अशा द्विदल वृक्षांचा आधार घेतात. त्यांच्या सालीखाली पेशींचा एक पातळ वाढता थर असतो. जाड पोलादी खुंट खोडात बसवला की हा थर वर्षागणिक नवं लाकूड चढवून त्याला कवेत घेतो, पकड घट्ट होते. म्हणूनच जाणकार खिळ्यांची रांग ठोकण्याऐवजी एकच मोठं भोक पाडतात. जखमा जितक्या कमी, तितकं झाड सावरतं. घर दोन झाडांवर असेल तर एका टोकाची तुळई सरकत्या बैठकीवर ठेवतात, कारण वाऱ्यात दोन झाडं एका तालात हलत नाहीत. नारळाचं सगळंच वेगळं. तो एकदल. हा वाढता थर त्याला नाही, त्यामुळे खोडाची जखम कधीच भरून येत नाही. आधाराला फांदी नाही, आणि शेंड्याचा एकमेव कोंब दुखावला की झाड मेलं. शिवाय त्रिभुज प्रदेशाचा वारा. १६ नोव्हेंबर २०१८ ला ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळलं तेव्हा तंजावर, तिरुवारूर, पुदुकोट्टै जिल्ह्यांतल्या नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. मोठे जुने वृक्ष राहिले आहेत ते बहुधा देवळांपाशी, आणि देवळाच्या पवित्र झाडाला, स्थलवृक्षाला, कुणी खुंट ठोकणार नाही. उरतो सिमेंटच्या खांबांवरचा माच. तो बांधता येईल, पण तो झाडावरच्या घराचा देखावा झाला.

आणि त्याची गरजही नाही. पाय जमिनीवरून सुटण्याची व्यवस्था कुंभकोणमच्या घरात पूर्वीपासून आहे. ती म्हणजे ऊंजल, आपला झोपाळा.

घराच्या मधल्या दालनात, चौकाच्या कडेला, सागाची रुंद फळी चार साखळ्यांवर टांगलेली असते. साखळ्या ऐपतीप्रमाणे लोखंडी किंवा पितळी. पितळी असतील तर कड्यांच्या मधे मोर, पोपट, हत्ती ओतलेले. फळीच्या चार कोपऱ्यांना चार साखळ्या आणि वर तुळयांना चार कड्या, पुढच्या-मागच्या साखळ्या एकमेकींना समांतर. सगळी करामत या मांडणीत आहे. दोन दोरांचा बागेतला झोका पुढे जाताना बसणाऱ्याला मागे कलंडवतो. चार समांतर साखळ्यांची फळी मात्र पुढे जावो की मागे, सपाटच राहते. म्हणून ऊंजलवर सत्तरीची आजी मांडी घालून बसते, तबक शेजारी ठेवून विड्याच्या पानाच्या शिरा काढते, आणि चुन्याची डबी घसरत नाही. भोवळ इतकी पातळ केलेली असते की ती खेळ आहे हे ध्यानातही येऊ नये.

तालाचंही गणित आहे. झोक्याचा वेळ साखळीच्या लांबीवर ठरतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. एक मीटर लांबीला जाऊन येऊन सुमारे दोन सेकंद, अडीच मीटरला सुमारे सव्वातीन. उंच छपरामुळे घरातला झोपाळा संथ होतो, आणि हा संथ ताल प्रौढांना मानवतो. गती देणारा असतो बसणाऱ्याच्या पायाचा अंगठा. फरशीला टेकवला की वेग वाढतो, घासला की कमी होतो. झाडावरच्या खोलीला हलवणारा वारा आपल्या ताब्यात नसतो, हा अंगठा असतो. भीती आणि मौज यांच्यातली रेघ जिथे माणसाला स्वतः ओढता येते, तिथेच तो मोकळेपणाने खेळतो, असं मला वाटतं.

निमित्तांचा तर इथे तोटाच नाही. पान लावणं, दुपारची वामकुक्षी, पाहुण्याशी गप्पा, गाण्याची शिकवणी. तमिळ ब्राह्मणी लग्नात तर खेळ उघडच मांडला जातो: माळा घालताना मामेमंडळी नवरानवरीला खांद्यावर उचलतात, समोरच्याच्या गळ्यात माळ सहजी पडू नये म्हणून मागे सरतात, मग दोघांना ऊंजलवर बसवून दूध-केळं देतात, रंगीत भाताचे गोळे ओवाळून चहूदिशांना टाकतात, बायका गाणी म्हणतात. देवळातही उत्सवमूर्तीला झोपाळ्यावर बसवतात. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत आलेल्या मराठी घराण्यांनाही हे परकं वाटायचं कारण नव्हतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात, अशाच एका घराण्यात जन्मले. वाड्यातला झोपाळा मराठी माणसाच्या ओळखीचाच.

खेळाच्या बाकीच्या खुणा थोडक्यात. गावाबाहेर दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात बैल आणि हत्ती एकच डोकं वाटून घेतात असं शिल्प आहे. एक बाजू झाकली की एक प्राणी, दुसरी झाकली की दुसरा. तिथल्या बलिपीठाच्या पायऱ्यांवर आघात केला की वेगवेगळे स्वर निघतात. बाराव्या शतकातल्या चोळ राजाच्या स्थपतींनी हे मोठ्यांसाठीच केलं. घरच्या ओट्यावर चौदा खळग्यांचं पल्लांकुळि आणि तीन वाघ-पंधरा शेळ्यांचा डाव चालतो. हे बैठे खेळ मुक्कामाच्या ठिकाणी सहज ठेवता येतात, पण तिथे वाचनालयातल्या जुन्या मासिकांसारखे पडून राहतात. शेजारी डाव मांडून बसणारा जाणता माणूस हवा.

ऊंजलचं तसं नाही, तो दिसला की माणूस बसतोच. म्हणून बांधणाऱ्याने हिशेब चोख ठेवला पाहिजे. पासष्ट किलोची चार माणसं आणि साठ किलोची फळी मिळून ३२० किलो. झोका ३० अंशांपर्यंत गेला तर तळाशी येताना ताण सव्वापटीच्या थोडा वर, म्हणजे ४०० किलोच्या आसपास. चौघं एका टोकाला सरकले तर जवळजवळ सगळा भार दोनच साखळ्यांवर, प्रत्येकीवर २०० किलो. पाचपट राखीव ताकद धरली तर दर कडी एक टन पेलणारी हवी. ती तुळईच्या आरपार जाऊन वरून चकतीने आवळलेली असावी, छताच्या गिलाव्यात रोवलेली नको. फळीपुढे आणि मागे झोक्याच्या पल्ल्याहून हातभर ज्यादा मोकळी जागा, कडा गोल केलेल्या, आणि फळीची उंची अशी की आखूड पायांच्या बाईचाही अंगठा फरशीला पोचेल.