डोक्यावरील भार आणि मानेतील मज्जातंतू : आरे वसाहतीच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

मानेच्या मणक्यांमधून बाहेर पडणारा मज्जातंतू दबला गेल्यास हाताच्या स्नायूंचे बळ घटते, ही गोष्ट आज वैद्यकाच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकातही आढळते. मात्र हे ज्ञान फार जुने नाही. मणक्यांमधील चकती सरकल्याने कमरेतील मज्जातंतू दबतो, हे मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. मानेविषयीचा सेम्स व मर्फी यांचा निबंध १९४३ चा असून त्यातील चारही रुग्णांची लक्षणे हृदयविकारासारखी भासत होती. मानेच्या मणक्यांची झीज आणि तिचे मज्जासंस्थेवरील परिणाम यांचे सविस्तर विवेचन रसेल ब्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये केले.

नेमक्या याच काळात मुंबईच्या उपनगरात आरे दुग्ध वसाहत आकार घेत होती. शहरातील दाटीवाटीचे तबेले बाहेर हलविण्यासाठी १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या वसाहतीमागे दारा खुरोडी यांची योजकता होती. १९६३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. ३,००० एकरांहून अधिक जमीन, ३२ युनिटे आणि सुमारे १६,००० जनावरे असा हा पसारा होता. जनावरे, दूध व जमीन यांचे हिशेब काटेकोर ठेवले गेले. परंतु वसाहतीच्या आधीपासून तेथे वसलेल्या आदिवासी पाड्यांमधील स्त्रिया डोक्यावरून जे वाहत आल्या, ती सरपणाची मोळी, पाण्याचा हंडा, भाजीची पाटी, कोणत्याही हिशेबात बसणारी नव्हती.

येथे शरीररचनेचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. मानेत मणके सात, तर मज्जातंतूंच्या जोड्या आठ. पाचवा दबल्यास दंड खांद्यापासून वर उचलणे कठीण होते, सातवा दबल्यास कोपर सरळ करण्याचा जोर कमी पडतो, आणि आठवा दबल्यास बोटांची पकड ढिली होते. हाताने धार काढणाऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची हानी सर्वांत गंभीर होय. त्यातही मनगटातील किंवा कोपराजवळील मज्जातंतू दबल्यानेही हात दुबळा होऊ शकतो. त्यामुळे दुखणे हातात असले तरी मूळ मानेत आहे की नाही, हे तपासल्याखेरीज ठरविता येत नाही. चुंबळीमुळे टाळूला आधार मिळतो, भार मात्र मणक्यांवरूनच खाली उतरतो. सिएरा लिओनमधील भारवाहकांच्या मानेच्या क्ष-किरण तपासणीचा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहता, डोक्यावर ओझे न वाहणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मणक्यांची झीज कितीतरी अधिक आढळली. अर्थात, चित्रात दिसणारी झीज म्हणजे दुर्बलता नव्हे; अनेकांना झीज असूनही कसलाच त्रास होत नाही. कायद्याची अडचण नेमकी येथूनच सुरू होते.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दोन गोष्टी मानल्या : कामावर घडलेला अपघात आणि परिशिष्टात नोंदलेला व्यवसायजन्य रोग. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने हळूहळू लुळावत जाणारा हात यांपैकी पहिल्यात सहजासहजी बसत नाही, आणि दुसऱ्यात डोक्यावरील भाराने होणाऱ्या मानेच्या झिजेला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ ने इजा होईल इतके ओझे उचलायला लावण्यास मनाई केली खरी, पण ती कारखान्याच्या आवारापुरती.

‘माथाडी’ या शब्दातच माथा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील संघर्षातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मजुरीची हमी, भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय साहाय्य या त्याच्या मोठ्या उपलब्धी होत. ओझ्याच्या वजनाचा प्रश्न मात्र वेगळा लढावा लागला. पोते १०० किलोंवरून ५० किलोंवर आणण्याची मागणी डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने लावून धरली. मानेच्या दृष्टीने पाहता मजुरीवाढीपेक्षा हीच मागणी अधिक मूलगामी ठरते, कारण तिने ओझे हेच इजेचे कारण मानले.

आरेच्या पाड्यांतील मोळी वाहणाऱ्या स्त्रीला यांपैकी कोणताच कायदा लागू पडत नाही. तिला मालक नाही, हजेरीपट नाही, वजनाचा काटा नाही. वसाहतीविषयीचे अलीकडचे वाद, विशेषतः २०१९ मधील मेट्रो कारशेडसाठीची वृक्षतोड, यांत झाडांची संख्या न्यायालयापर्यंत पोहोचली. त्याच रानातून मोळी आणणाऱ्या स्त्रीच्या दंडात किती जोर उरला आहे, हा प्रश्न त्या वादांच्या कक्षेत आला नाही. तिची मान व हात तपासण्यास फार साधने लागत नाहीत : दंड उचलायला लावणे, कोपर ताणून पाहणे, मूठ घट्ट आवळायला सांगणे, आणि ती किती वर्षे काय वाहत आली हे विचारून लिहून ठेवणे.