न दिसणारा फासा तपासायचा कसा?

ऑनलाइन कॅसिनोतल्या खेळाखाली पुष्कळदा एक शिक्का असतो: हा खेळ स्वतंत्र प्रयोगशाळेनं तपासलेला आहे. नेमकं काय तपासलं, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. आज त्या शिक्क्यामागचा इतिहास पाहू.

प्रश्न जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. जुगार त्याच्या देखरेखीखाली एकाच जागी चालायचा आणि शुद्ध फासे त्यानंच पुरवायचे. कोणी फासे बदलले तर 12 पण दंड. जिंकलेल्या रकमेतला शेकडा 5 हिस्सा अध्यक्षाचा. जुगारी बहुतेक लबाडच असतात, तेव्हा फासा त्यांच्या हाती ठेवू नये, असा हा रोखठोक हिशेब.

पण फासा शुद्ध आहे हे ओळखायचं कसं? त्यासाठी गणित यावं लागलं. 1894 मध्ये कार्ल पिअर्सननं मोन्टे कार्लोच्या रूलेटचे छापून आलेले निकाल तपासले आणि लाल-काळ्याचा क्रम योगायोगाच्या गणिताशी जुळत नाही, असं दाखवलं. 1900 मध्ये त्यानं काय-वर्ग चाचणी मांडली. तिच्यासाठी त्यानं वेल्डन या शास्त्रज्ञाच्या नोंदी घेतल्या: 12 फासे, 26,306 वेळा टाकलेले. हातात घेऊन पाहिलं असतं तर ते फासे ठीकच वाटले असते. आकड्यांत दिसलं, की 5 आणि 6 जरा जास्त पडतात. म्हणजे एका डावावरून काहीच सिद्ध होत नाही. खोट दिसते ती हजारो डावांच्या हिशेबात.

संगणक आला आणि फासाच नाहीसा झाला. त्याच्या जागी आली आकडे काढणारी आज्ञावली. ती एका सुरुवातीच्या आकड्यावरून, म्हणजे बीजावरून, पुढची सगळी मालिका काढते. बीज तेच, तर मालिकाही तीच.

याचा धडा 1999 मध्ये मिळाला. एका ऑनलाइन पोकर सॉफ्टवेअरच्या कंपनीनं पत्ते पिसण्याची आपली रीत खुशाल जाहीर केली. हेतू चांगला होता, लोकांचा विश्वास बसावा. अमेरिकेतल्या रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या मंडळींनी ती वाचली. 52 पत्त्यांचे क्रम किती होतात? आठावर सदुसष्ट शून्यं, साधारण एवढे. पण इथं बीज घेतलं होतं घड्याळातून: मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद. दिवसभरात ते होतात फक्त 8,64,00,000. आपलं घड्याळ त्यांच्या घड्याळाशी जुळवून घेतलं, की उरतात दोनेक लाख. स्वतःचे दोन पत्ते आणि टेबलावरचे तीन, एवढे पाच दिसले की संगणक बाकीचे सगळे पत्ते सांगू लागला, तेही डाव चालू असताना!

म्हणून आज प्रयोगशाळा नुसते निकाल मोजत नाहीत. त्या मूळ आज्ञावली वाचतात, बीज कुठून येतं ते पाहतात, आकड्यांवर संख्याशास्त्रीय चाचण्या लावतात. लाखो डाव संगणकावर खेळवून, जाहीर केलेला परतावा खरोखर मिळतो का, हेही ताडून पाहतात. मंजूर झालेल्या आज्ञावलीचा डिजिटल ठसा घेऊन ठेवतात, म्हणजे नंतर कोणी फासा बदलला तर कळावं. कौटिल्याचा 12 पण दंड आठवला की नाही?

तरीही एक बाजू उघडी राहते. 2007 मध्ये ॲब्सोल्यूट पोकरवर घोटाळा उघडकीला आला. दोष पत्ते पिसण्यात नव्हता. आतल्या कोणाला तरी इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते. हे हुडकलं कोणी? खेळाडूंनीच, झालेल्या डावांच्या नोंदी तपासून. परवाना देणाऱ्या कानावाके गेमिंग कमिशननं पुढं 5 लाख डॉलर दंड केला. फासा तपासणं एक, आणि फासा राखणाऱ्याला तपासणं दुसरं.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समजा, सगळं अगदी चोख आहे. युरोपियन रूलेटमध्ये घरं 37. एका आकड्यावर पैसे लावून जिंकलात तर मिळतात 35 पट. या फरकातून कॅसिनोला सुटतात शेकडा 2.70. प्रत्येक वेळी 100 रुपये, असं हजार वेळा लावलंत, तर लावलेल्या 1 लाखातले सरासरी 2,700 रुपये गेले. कोणी फसवलं नाही. नियमच तसा आहे, आणि तपासनीसानं तो नियम पाळला जातो एवढंच प्रमाणित केलं.

आपल्या संसदेनं 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा फासा शुद्ध आहे का, एवढाच प्रश्न तिच्यापुढं नव्हता. व्यसन आणि आर्थिक हानी, ही कारणंही दिली. बंदी योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. पण हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढं नक्की. खेळ सचोटीचा आहे का, याचं उत्तर प्रयोगशाळा देईल. तो खेळावा का, हे त्या शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.