विणकामाच्या सुया

हाताने लोकर किंवा सूत विणण्याचे मुख्य साधन. सरळ जोडी, मोज्यांसाठी दोन्ही टोकांना अणी असलेल्या सुयांचा संच आणि मोठ्या घेरासाठी लवचीक तारेने जोडलेली गोल सुई, हे नेहमीचे प्रकार. भारतात जुने ब्रिटिश क्रमांक रूढ आहेत. त्यांत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते: ८ क्रमांकाची ४ मिमी., १० ची ३.२५ मिमी. अमेरिकी मोजणी नेमकी उलटी. तिथे ८ क्रमांक म्हणजे ५ मिमी. म्हणून सुई मिलिमीटर पाहूनच घ्यावी. निलगिरीतील केट्टी येथे बनणाऱ्या ‘पोनी’ सुया देशभर मिळतात.

सोलापूरची चादरही विणलेलीच, पण ती मागावर, धोट्याने विणली जाते. सुयांचे काम मात्र घरगुती. सोलापूरजवळच्या होटगी परिसराच्या उष्ण, कोरड्या हवेत बाळाच्या टोपऱ्याला, मोज्यांना लोकरीपेक्षा सूत बरे. सुताला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो, आणि तुळतुळीत सुताचे टाके धातूच्या सुईवरून सहज निसटतात. अशा वेळी बांबूची सुई टाका धरून ठेवते. लोकरीला मात्र ॲल्युमिनियमची सुई चपळ.

घामेजल्या हाताने पोलादी सुईला गंज चढतो, तर ॲल्युमिनियमचा करडा डाग पांढऱ्या सुतावर उतरतो. म्हणून काम थांबताच सुई कोरड्या फडक्याने पुसावी. बांबूच्या टोकाला कुसळ उठले तर बारीक पॉलिशपेपरने घासून मेणाचा हलका हात द्यावा. गोल सुईची तार वेटोळी झाल्यास क्षणभर गरम पाण्यात धरून ओढावी. वाकलेली सुई टाके असमान करते; ती बदलणेच चांगले.