नियंत्रणदांडा व यंत्रमानव

हाताने हलविलेल्या दांड्याची दिशा व विस्थापन यांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीस नियंत्रणदांडा किंवा जॉयस्टिक म्हणतात. ही कल्पना विमानाच्या सुकाणू-दांड्यावरून आली. १९४३ मध्ये ‘फ्रिट्झ-एक्स’ या जर्मन बाँबचा मार्ग विमानातील सैनिक अशा दांड्याने रेडिओद्वारे वळवीत. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका या बाँबने बुडाली.

१७ नोव्हेंबर १९७० रोजी चंद्रावर उतरलेल्या ‘लुनोखोद-१’ या सोव्हिएट गाडीचा चालक क्रिमियातील केंद्रात बसून दांडा हलवीत असे. संदेश जाऊन येण्यास सु. २·६ सेकंद लागत व चित्रेही थांबून-थांबून येत. त्यामुळे खड्डा दिसेपर्यंत गाडी त्यात शिरण्याचा धोका असे. नोव्हेंबर १९८१ मध्ये अमेरिकन अवकाशयानावर प्रथम वापरलेल्या, सु. १५ मी. लांबीच्या ‘कॅनडार्म’ या यांत्रिक बाहूस दोन दांडे होते : एक स्थानांतराकरिता, दुसरा परिवलनाकरिता. बाहूच्या टोकाची गती माणसाने ठरवावयाची व सांध्यांचे गणित संगणकाने करावयाचे, अशी ही विभागणी होती.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम वैयक्तिक संगणकास खेळांसाठी पंधरा टाचण्यांची जोडणी मिळू शके. दांड्याबरोबर ० ते १०० किलोओहम रोध बदले व त्यानुसार धारित्र भारित होण्यास लागणारा, जास्तीत जास्त सु. १·१ मिलिसेकंद, काळ संगणक मोजी. स्वस्त असल्याने ही सामग्री प्रयोगशाळांतील यंत्रमानवांसाठीही सोयीची होती. मात्र संगणकाच्या वेगानुसार मोजणी बदलत असल्याने प्रत्येक वेळी अंशशोधन करावे लागे. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबी जोडणीत दांड्याचे स्थान थेट संख्यारूपाने मिळू लागल्यावर ही अडचण दूर झाली.

खरा धोका मात्र निराळा होता. जुन्या जोडणीत तार निसटल्यास रोध अनंत होई व मोजणी संपतच नसे. कमाल मर्यादेवर ती थांबविणारा बेसावध कार्यक्रम ‘दांडा पूर्ण झुकला आहे’ असा अर्थ लावून यंत्रमानवास भरवेगाने पळवू शके. खेळात अशी चूक क्षम्य असते. जड यंत्राजवळ माणूस उभा असल्यास ती प्राणघातक ठरते. म्हणून दांड्याच्या मध्याभोवतीच्या अल्प हालचाली दुर्लक्षितात, कळ दाबून धरलेली असेपर्यंतच गती देतात आणि संकेत खंडित होताच यंत्र थांबवितात. मौन म्हणजे ‘थांबा’ हाच दूरनियंत्रणाचा मूलभूत नियम होय.