गोडे पाणी, खारा काठ : कोलशेतच्या पाणथळीचे नियम

येऊरच्या डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी ज्या पट्ट्यातून उल्हास नदीच्या खाडीला मिळते, त्या पट्ट्यात बाळकुम, कोलशेत, कावेसर आणि वाघबीळ ही साष्टी बेटावरची गावे वसलेली आहेत. येथील पाणथळ, म्हणजे वर्षाचा बराच काळ पाण्याखाली किंवा ओलाव्यात राहणारी जमीन, एका जातीची नाही : वरच्या अंगाला गोड्या पाण्याचा तलाव, त्याखाली भातखाचरे, मग बांधाआडची खारजमीन आणि शेवटी भरतीच्या पाण्यातली तिवरे, अशी तिची उतरंड आहे. ही उतरंड ओहोळांनी एकत्र सांधलेली असल्यामुळे तिच्या रक्षणाचे नियम कोणी व कशासाठी केले, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे मिळते.

शिलाहारकाळी जमिनीच्या दानपत्रात हद्दी पाण्यानेही सांगितल्या जात. ठाण्यात १७८७ मध्ये सापडलेल्या अरिकेसरी राजाच्या इ. स. १०१७ च्या ताम्रपटात दान दिलेल्या गावाच्या सीमा शेजारची गावे, डोंगरावरून येणारा ओहोळ आणि नदी यांच्या आधारे दिलेल्या आहेत. त्याला पाणथळीच्या रक्षणाचा कायदा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र जो ओहोळ गावाची हद्द ठरतो, तो मनमानीने वळवणे सोपे राहत नाही, एवढे त्यातून निश्चित निघते.

प्रत्यक्ष नियमांचा दाट थर आढळतो तो खारजमिनीच्या वहिवाटीत. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा आणि त्यात ठरावीक जागी उघाडी, म्हणजे बाहेरच्या बाजूस झडप असलेले लाकडी दार, बसवायचे, ही उत्तर कोकणातील जुनी रीत आहे. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडप मिटते, ओहोटीला आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते आणि काही पावसाळ्यांत मातीतला खार धुऊन निघून तेथे भात पिकू लागते. ही यंत्रणा एका शेतकऱ्याची असूच शकत नव्हती, कारण एका जागी बांध फुटला की खारे पाणी साऱ्यांच्याच खाचरांत शिरे. म्हणून बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे आणि त्याबद्दल कुळाकडून सरकारी साऱ्याखेरीज भाताच्या रूपात वेगळा आकार घेतला जाई. या धारापद्धतीस शिलोत्री म्हणत. तिला आदर्श मानण्याचे कारण नाही, कारण तिचा भार कुळांच्याच डोक्यावर होता. तरीही पाण्यावरचा हक्क आणि पाणी राखण्याचे काम या दोन गोष्टी तिने एकमेकींशी बांधून ठेवल्या होत्या.

इंग्रजी अमलात ही गाठ सैल झाली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने नद्या, ओढे, नाले, तळी आणि खाडीचा तळ, त्यांवर कोणाचा हक्क शाबित नसेल तेथे, सरकारी मालकीचे ठरवले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० मध्ये तेच तत्त्व कायम राहिले. याच संहितेत वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे. सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीतील आणि पाण्यातील सिंचन, वाट व मासेमारी यांविषयीच्या गावाच्या वहिवाटी ज्यात नोंदवायच्या, ते हे पत्रक. खारबंदिस्तीसाठी १९४८ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये स्वतंत्र कायदे झाले, परंतु त्यांचा रोख शेती वाढवण्याकडे होता.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे नगरपालिकेत आसपासची ३२ गावे मिळवून महानगरपालिका स्थापन झाली आणि कोलशेत शहरात आले. पुढे राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत ठाण्यातील नऊ तलावांचा समावेश झाला. अशा कामांत तलावाभोवती भिंत, पदपथ आणि दिवे येतात. पाणी जेथून तलावात येते त्या उताराकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

खाडीकाठासाठी कठोर नियम आले. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासूनच्या पट्ट्यावर बंधने घातली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टा राखण्यास सांगितले. दुसरीकडे २०११ च्या अधिसूचनेतील खाडीकाठची कमाल १०० मीटरची मर्यादा २०१९ मध्ये ५० मीटरवर आली. पाणथळींसाठीचे स्वतंत्र नियम २०१० मध्ये आले व २०१७ मध्ये बदलले. अधिसूचित पाणथळीत भराव, कचरा व सांडपाणी टाकण्यास आणि मागील दहा वर्षांच्या सरासरी महापूररेषेपासून ५० मीटरांत कायम बांधकामास ते मनाई करतात. पण नद्यांची पात्रे, भातशेती, किनारा नियमनाखालील क्षेत्र, तसेच पिण्याचे पाणी, सिंचन, मीठ, मत्स्यपालन वा करमणूक यांसाठी मुद्दाम केलेले जलाशय त्यांतून वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षण दिलेल्या २,०१,५०३ पाणथळी २.२५ हेक्टरांहून मोठ्या होत्या, त्यामुळे गावातली लहान तळी त्या आकड्यातही आली नाहीत.

कोलशेतच्या उतरंडीला हे नियम लावले तर तिचा खालचा टोकाचा भाग रक्षणात येतो, मधली खाचरे वगळली जातात आणि वरचा तलाव वादात राहतो. वास्तविक गावतळ्यावर गुरे पाणी पितात, कपडे धुतले जातात, गणपती विसर्जित होतात. ते एखाद्याच कामासाठी खोदले होते असे सिद्ध करणे कठीण असल्याने वगळणुकीचा आधार तेथे सहज घेता येऊ नये. ओहोळांची स्थिती याहून वाईट आहे, कारण ज्या लहान प्रवाहाला स्पष्ट काठ नाहीत त्याचा मार्ग परवानगीने बदलून बांधून काढण्याची मुभा बांधकाम नियमावलीच देते, आणि सखल खाचरांतून वाहणाऱ्या ओहोळाला असे काठ बहुधा नसतातच. २०१७ च्या नियमांत पाणथळीचे प्रभावक्षेत्र, म्हणजे जेथील घडामोडींचा पाण्यावर परिणाम होतो तो पाणलोटाचा भाग, निश्चित करण्याची तरतूद आहे. कोलशेत-कावेसरच्या तलावांची अधिसूचना काढताना येऊरपासूनचे ओहोळ त्या क्षेत्रात दाखवले गेले नाहीत, तर तिने रक्षण होईल ते केवळ भिंतीआडच्या पाण्याचे.