पंधरा मिनिटांचे तिकीट : ‘द लास्ट सपर’ पाहणे इतके दुर्मीळ का झाले? (थ्रेड)

इटलीतील मिलान शहरात सांता मारिया देल्ले ग्रात्सिए नावाचे एक चर्च आहे. त्याला लागून असलेल्या जुन्या मठाच्या भोजनगृहात, उत्तरेकडील भिंतीवर, लिओनार्दो दा व्हिंचीचे ‘द लास्ट सपर’ आहे. आयत्या वेळी मिलानला पोहोचून हे चित्र पाहू म्हणणाऱ्या प्रवाशाच्या पदरी बहुधा निराशाच पडते. आगाऊ आरक्षणाशिवाय तेथे प्रवेश नाही. काही महिन्यांची तिकिटे एकदम विक्रीस निघतात आणि पाहता पाहता संपतात. तिकिटावर नाव असते, वेळ मिनिटांसह ठरलेली असते आणि उशिरा आलेल्यासाठी दार उघडत नाही. सोमवारी तर सारेच बंद.

एवढे सोपस्कार पार पाडल्यावर मिळतात ती पंधरा मिनिटे. तीस-चाळीस जणांचा एक गट आत जातो, तो बाहेर पडल्यावर पुढचा. सरळ हिशेब केला तरी तासाला दीडशेच्या आसपास माणसे होतात. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात याच चित्रकाराच्या ‘मोना लिसा’समोरून दिवसाला हजारो लोक सरकतात. मग मिलानमध्येच ही कंजुषी का?

सरकारी आडमुठेपणा हे त्याचे सोपे उत्तर झाले, पण ते चूक आहे. या तिकिटाचे वेळापत्रक वस्तुतः १४९५ सालीच ठरले. ते ठरवले खुद्द लिओनार्दोने, आणि तेही नकळत.

मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला हे चर्च आपल्या घराण्याचे स्मृतिस्थान करावयाचे होते. त्यासाठी त्याने भोजनगृहाच्या एका भिंतीवर येशूच्या अखेरच्या भोजनाचा प्रसंग रंगवण्याचे काम लिओनार्दोकडे सोपवले. सुमारे साडेचार मीटर उंच आणि जवळजवळ नऊ मीटर रुंद असे हे भित्तिचित्र. अशा कामासाठी इटलीत पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली पद्धत होती फ्रेस्को. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग द्यायचा; गिलावा वाळताना रंग भिंतीच्याच अंगात मुरतो. तो पुढे शतकानुशतके टिकतो.

फ्रेस्कोची अट मात्र कडक. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा आणि तो वाळण्याआधी काम संपवायचे. पुन्हा विचार करायला, खोडायला, बदलायला जवळजवळ वाव नाही.

लिओनार्दोचा स्वभाव याच्या अगदी उलट. मात्तेओ बांदेल्लो नावाच्या लेखकाने त्या काळी मठात राहून त्याला काम करताना पाहिले होते. त्याच्या सांगण्यानुसार लिओनार्दो कधी भल्या पहाटे पराचीवर चढे आणि तहानभूक विसरून अंधार पडेपर्यंत रंगवत राही. मग दोन-तीन दिवस कुंचल्याला हातही लावत नसे. नुसता हाताची घडी घालून आपल्याच आकृत्या न्याहाळत उभा राही. कधी भर दुपारी शहरातून चालत येई, एखाद्या आकृतीवर एक-दोन फटकारे मारी आणि निघून जाई.

असा माणूस ओल्या गिलाव्याच्या घाईत बसणे शक्यच नव्हते. त्याने कोरड्या भिंतीवर लेप चढवून त्यावर टेम्परा आणि तेलाच्या मिश्र पद्धतीने रंगवले, जणू ती भिंत नसून लाकडी फळीच आहे. त्यामुळे त्याला हवा तेवढा वेळ मिळाला. तेरा चेहऱ्यांवरील धक्का, संशय, भीती आणि काचेच्या पेल्यावरील चमक यांची नजाकत त्या वेळातूनच आली. पण रंग भिंतीत मुरला नाही. तो वरच्या वर चिकटून राहिला. भोजनगृहात ओल होती आणि जवळच मठाचे स्वयंपाकघर.

चित्र १४९८ च्या सुमारास पूर्ण झाले. अवघ्या १९ वर्षांनी, १५१७ मध्ये, आंतोनियो दे बेआतिस या प्रवाशाने ते बिघडू लागल्याची नोंद केली. तेव्हा लिओनार्दो जिवंत होता! १५६६ मध्ये चरित्रकार वासारी तेथे गेला, तर त्याला डागांच्या गर्दीपलीकडे फारसे काही दिसले नाही.

येथे एक गमतीदार ‘जर-तर’ आहे. १४९९ मध्ये फ्रान्सचा राजा बारावा लुई याने मिलान जिंकले. वासारी सांगतो की, राजाला हे चित्र इतके आवडले की लाकूड व लोखंडाचा सांगाडा करून अख्खी भिंतच फ्रान्सला नेता येईल काय, याची त्याने चाचपणी केली. ते जमले नाही. लुदोविको मात्र फ्रेंचांच्या हाती लागला आणि १५०८ मध्ये त्यांच्याच कैदेत मेला. आश्रयदात्याला नेता आले, भिंतीला नाही.

पुढची कहाणी वाचताना हळहळ वाटते. १६५२ मध्ये मठवासीयांनी भिंतीतले दार मोठे केले आणि त्यात टेबलाखालचे येशूचे पाय गेले. त्या दाराच्या कमानीची खूण आजही स्पष्ट दिसते. १७२६ मध्ये बेलोत्ती नावाच्या चित्रकाराने आणि १७७० मध्ये मात्सा याने ‘दुरुस्ती’च्या नावाखाली मूळ चित्रावर आपलेच रंग थापले. मात्साचे काम लोकक्षोभामुळे थांबवावे लागले, तोवर केवळ तीन चेहरे त्याच्या कुंचल्यातून वाचले होते. १७९६ मध्ये नेपोलियनचे सैन्य मिलानमध्ये शिरले आणि भोजनगृहाचा शस्त्रागार व तबेला झाला. १८०० मध्ये पुराचे पाणी आत आले. १८२१ मध्ये बारेत्सी या कारागिराने चित्र भिंतीपासून सोलून काढण्याचा घाट घातला. हे फ्रेस्को आहे असा त्याचा समज होता. तो चुकीचा असल्याचे त्याला कळले तेव्हा मधला काही भाग दुखावला गेला होता. मग सुटलेले तुकडे डिंकाने पुन्हा चिकटवण्याची वेळ आली.

आणि मग ऑगस्ट १९४३. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी मिलानवर बॉम्बफेक केली. भोजनगृहाचे छत आणि एक लांब भिंत कोसळली. मात्र चित्राच्या भिंतीला आधीच वाळूची पोती आणि लाकडी आधार लावून ठेवले होते, म्हणून ती उभी राहिली. त्या वेळच्या छायाचित्रांत चोहीकडे ढिगारे आहेत आणि त्यांच्यामध्ये ही झाकलेली भिंत. ज्यांनी ती पोती रचली त्यांची नावे कोणत्याही तिकिटावर छापलेली नसतात.

सर्वांत मोठा जीर्णोद्धार १९७८ च्या सुमारास सुरू झाला. पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या संवर्धनतज्ज्ञ बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली, अक्षरशः कणाकणाने, आधीच्या ‘दुरुस्त्यां’चे थर उतरवले. जेथे मूळ रंग उरलाच नव्हता तेथे त्यांनी फिकट जलरंगाची हलकी छटा भरली, म्हणजे अस्सल काय आणि भर काय हे पाहणाऱ्याला ओळखता यावे. लिओनार्दोला हे चित्र काढायला तीन-चार वर्षे लागली. बार्चिलोनबाईंना ते सावरायला वीसहून अधिक. २८ मे १९९९ रोजी भोजनगृह पुन्हा खुले झाले.

आरक्षण आणि गटांची आजची काटेकोर पद्धत त्यानंतर रुळली. माणूस आत येतो तो एकटा नसतो. त्याच्यासोबत रस्त्यावरची धूळ, अंगाची ऊब आणि श्वासातली वाफ येते. भिंतीवर जेमतेम तगून असलेल्या रंगाला हेच तीन शत्रू पुरेसे आहेत. म्हणून प्रेक्षकांना काचेच्या दालनांतून, एकामागून एक उघडणाऱ्या दारांतून आत नेतात आणि हवा गाळून घेतली जाते. पंधरा मिनिटांची मर्यादा यातूनच आली. पुढे २००३ मध्ये ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी गाजली आणि मागणी आणखी वाढली. भिंत मात्र तेवढीच राहिली.

महाराष्ट्रातील वाचकांना हे प्रकरण परके वाटू नये. अजिंठ्याची चित्रेही ओल्या गिलाव्यावरील फ्रेस्को नव्हेत. तीही कोरड्या लेपावर रंगवलेली आहेत. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी हैदराबाद संस्थानाने त्यांच्या जतनासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी या तज्ज्ञाला बोलावले होते. सुटू लागलेला रंग त्याने जागेवर बसवला खरा, पण वर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडून काळवंडला. तो काढण्याचे काम भारतीय संवर्धकांना दीर्घकाळ पुरले. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांतही गर्दीवर मर्यादा घातली जाते, ती याच श्वासाच्या भीतीने.

तिकीट मिळालेच नाही तर? प्रवासी कंपन्या मार्गदर्शकासह महागडी तिकिटे विकतात. ज्याची ऐपत असेल त्याने घ्यावीत. ज्याला चित्राचा मूळ तपशील हवा, त्याला लंडनमधील रॉयल अकॅडमीच्या संग्रहातील प्रत अधिक काही सांगेल. ती १५२० च्या सुमाराची असून लिओनार्दोच्या वर्तुळातील जांपिएत्रिनो याची मानली जाते. वरचा भाग कापला गेला असला तरी तीत येशूचे पाय शाबूत आहेत आणि यहूदाच्या हाताने सांडलेली मिठाची कुपीही दिसते. बार्चिलोनबाईंनीही संदर्भासाठी या प्रतीचा उपयोग केला होता.

आणि ज्याला तिकीट मिळाले, त्याने पंधरातील दोन मिनिटे राखून मागे वळावे. समोरच्या दक्षिण भिंतीवर दोनातो माँतोर्फानो याने १४९५ मध्ये रंगवलेले येशूच्या क्रूसारोहणाचे चित्र आहे. माँतोर्फानो हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याने नेहमीची पद्धत वापरली, ओल्या गिलाव्यावर. त्याच छताखाली, तीच ओल, तेच पूर, तेच सैनिक आणि तेच बॉम्ब सोसूनही त्याचे रंग आज बऱ्यापैकी शाबूत आहेत. त्याच चित्राच्या खालच्या दोन कोपऱ्यांत लुदोविको, त्याची पत्नी बेआत्रिचे आणि त्यांची मुले गुडघे टेकून बसलेली दाखवली होती. त्या आकृत्या मागाहून, कोरड्या भिंतीवर रंगवण्यात आल्या आणि त्या लिओनार्दोच्या मानल्या जातात. आता तेथे फिकट सावल्या उरल्या आहेत.